फाट्यावरची चार मिनिटं

तिचं आडनाव काटे नव्हतं, तरी अख्खं आगार तिला काटेताई म्हणायचं. घड्याळाचे काटे ते एक, आणि बोलणं टोचतं ते दुसरं, असं मेकॅनिक लोक सांगत. खरं म्हणजे ती कुणाला टोचून बोलल्याचं मला आठवत नाही. टोचायची ती स्वतःलाच. मी सुट्या भागांचा कारकून, तिच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलो. त्यामुळे यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही तिने सांगितलं. जे तिने सांगितलं नाही ते कंडक्टरांनी सांगितलं, कारण कंडक्टरच्या पिशवीत सुटे पैसे राहत नाहीत आणि पोटात गोष्ट राहत नाही.

ती बसगाड्यांची वेळापत्रकं करायची. बावीस गाड्या आणि एकशे चाळीस गावं. कुठली गाडी किती वाजता निघेल, कुठे थांबेल, ड्रायव्हर जेवेल कधी, हे सगळं ती आखीव कागदावर पेन्सिलने मांडायची. नंतर कॉम्प्युटर आला, तरी आधी पेन्सिल, मग कॉम्प्युटर. घरून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई. कुलूप लावल्यावर ओढून बघायची, चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढायची. तिचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आमच्याच आगारातले निवृत्त ड्रायव्हर. ते म्हणायचे, "सूनबाई, एक दिवस कुलूपच हातात येईल."

या धाकधुकीला एक कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गावाच्या थांब्यावरच्या पाटीवर तिने पाच पन्नासच्या जागी सहा पन्नास टाइप केलं. गाडी आपली पाच पन्नासला जात राहिली आणि गावकरी सहा पन्नासला येऊन उभे राहत राहिले. चार दिवस कुणी तक्रार केली नाही. पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ नऊ किलोमीटर चालत आगारात आले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन एवढंच विचारलं, "आमच्या गावाचं काही चुकलं का?" ती म्हणायची, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिवसांत विसरले असते. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायला लागली.

मी सांगतोय ती गोष्ट मात्र बावीस वर्षांनंतरची. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक नियोजन अधिकारी आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आला. तिशीचा, सडपातळ, कायम एकच निळा स्वेटर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टींत वरून आलेला साहेब वाईट असावा अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. तो पहिल्या महिन्यात प्रत्येक गाडीत बसून फिरला. उलट्यासुद्धा झाल्या त्याला घाटात. मग त्याने आराखडा मांडला.

घाटावरच्या वस्तीला तेव्हा दिवसातून एकच गाडी होती. सकाळी खाली यायची, दीड-दोन तास रखडत शहरात जायची, संध्याकाळी परत वर, आणि रात्री मुक्कामाला आगारात. निम्मी रिकामी. साहेब म्हणाला, ही गाडी शहरापर्यंत नेऊच नका. घाट उतरून फाट्यावर आणा, माणसं तिथे शहराच्या गाडीत बसतील, आणि ही गाडी लगेच परत वर जाईल. म्हणजे वस्तीला एकाऐवजी तीन फेऱ्या मिळतील. डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच.

"चांगलं आहे," काटेताई म्हणाली. खरंच चांगलं होतं. "पण साहेब, फाट्यावर मध्ये वेळ किती?"

"चार मिनिटं. सात बाराला घाटाची गाडी येईल, सात सोळाला शहराची निघेल."

"दहा हवीत."

"दहा दिली तर शहराची गाडी सव्वाआठच्या पुढे जाते, ताई. साडेआठच्या पाळीवाले बोंब मारतील. घाटाची लवकर काढावी म्हटलं तर ती आधीच आगारातून अंधारात निघून वर जाते. आणखी लवकर काढली तर ड्रायव्हरची ड्युटी आठ तासांच्या पुढे जाते. मी सगळं करून बघितलंय."

तिनेही करून बघितलं. वस्तीपासून फाट्यापर्यंत बावन्न मिनिटं धरली होती. तिने रजेचे तीन दिवस घातले आणि वही घेऊन त्या गाडीने तीनदा घाट उतरली. एकदा एक्कावन्न, एकदा त्रेपन्न, एकदा पंचावन्न. पंचावन्नला सुद्धा एक मिनिट हातात राहत होतं. घरी अण्णांना वही दाखवली. ते जेवता जेवता म्हणाले, "चौतीस वळणं आहेत. गाडी कागदावर चढत नाही, सूनबाई, घाटावर चढते."

"मग सही करू की नको, अण्णा?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त स्टिअरिंग धरलंय."

तिने सही केली. वेळापत्रकाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात 'तयार करणार' म्हणून एक छोटी रेघ असते, तिथे. साहेबाची सही डाव्या बाजूला 'मंजूर' म्हणून. पुढचे बारा दिवस ती टेबलावर बसून काय काय बिघडू शकतं त्याची यादी करत होती. टायर, म्हशी, दरड, धुकं, ड्रायव्हरची पोटदुखी. मी म्हणालो, "ताई, मन चिंती ते वैरी न चिंती." ती म्हणाली, "वैऱ्याला वेळापत्रक करावं लागत नाही."

नवं वेळापत्रक सोमवारी सुरू झालं. नवऱ्याला तिने सांगितलं की जरा फाट्यावर नजर टाकून येते. तो बिचारा दाढीचा साबण तोंडाला लावून उभा होता. "अगं, तू तिथे जाऊन गाडीला काय ढकलणार आहेस?"

"ढकलणार नाही हो. नुसती उभी राहणार."

पावणेसातला ती फाट्यावर उतरली. पत्र्याची नवी शेड, सिमेंटचा बाक, अजून रंगाचा वास येणारी पाटी. पाटीवर तिचेच आकडे. आजूबाजूला रिकामी शेतं आणि एक पंक्चरवाला, तोही अजून आला नव्हता. फोनला रेंज कधी एक काडी, कधी तीही नाही. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली.

सात बारा झाले. घाटाच्या रस्त्यावर काही नाही. तिने घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे की नाही ते. सात तेरा. घाटाच्या ड्रायव्हरला फोन लावला, लागला नाही. सात चौदा. एवढ्या वेळात तिच्या डोळ्यांपुढे गाडी दरीत गेली, लोक काचेतून बाहेर काढले, वर्तमानपत्रात बातमी आली आणि बातमीखाली तिची सही आली. सात पंधराला समोरून धूळ उडाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण ती शहराची गाडी होती. नेमकी एक मिनिट आधी.

गाडी थांबली. ड्रायव्हर आमच्यातला सगळ्यांत ज्येष्ठ, त्याला सगळे मामा म्हणत. कंडक्टर नवी मुलगी, नियमाला पक्की. आत पस्तीसेक माणसं.

"मामा, घाटाची अजून आली नाही. जरा थांबा," काटेताई म्हणाली.

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "किती?"

"येईलच."

कंडक्टर दारात आली. "ताई, सात सोळा झाले. तुमच्याच कागदावर सात सोळा लिहिलंय."

"मला माहीत आहे काय लिहिलंय ते. वरून वीसेक माणसं येतायत. ही गेली तर पुढची नऊ पाचला. त्यांच्या पाळ्या आहेत, कुणाचा दवाखान्यात नंबर असेल. पहिल्याच दिवशी त्यांना इथे उभं केलं तर उद्या कोण या गाडीवर विश्वास ठेवेल?"

"पण थांबवायचा अधिकार कुणाचा?" मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच तिला माहीत करून घ्यायचं होतं.

अधिकार आगारप्रमुखाचा, नाहीतर वाहतूक नियंत्रकाचा. वेळापत्रकाच्या कारकुनाचा मुळीच नाही. हे काटेताईइतकं कुणालाच पाठ नसेल. ती म्हणाली, "तुझा गाडीचा कागद आण." त्यावर तिने लिहिलं, 'वेळापत्रक विभागाच्या सांगण्यावरून गाडी थांबवली,' खाली वेळ टाकली आणि सही केली. मामांनी इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर आतला आवाज वाढला.

सात वीसला एक माणूस ओरडला. सात बावीसला तिघं. सात तेवीसला गाडीतून एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी खाली उतरली. छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरलेली. "मावशी, किती वेळ अजून? मला परीक्षा आहे. नर्सिंगची. साडेआठला केंद्राचं दार बंद करतात."

"स्टँडपासून केंद्र किती लांब?"

"दहा मिनिटं. तुमच्या पाटीवर आठ दहा लिहिलंय म्हणून मी ही गाडी धरली. वीस मिनिटं हातात होती."

आता काटेताईच्या डोक्यात दोन घड्याळं चालू झाली. आत्ता सोडली तर आठ सतरा, मुलगी पोचते. सोडली आणि घाटाची गाडी वळणापलीकडेच असली तर? ती सांगायची, त्या एका मिनिटात मला वाटलं की कुणीतरी येऊन मला यातून उचलून न्यावं. तिने मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे मदत काहीच नाही. "दोन मिनिटं," ती मुलीला म्हणाली. "फक्त दोन."

दोनाची तीन झाली. सात सव्वीसला घाटाची गाडी आली.

दरीत नव्हती गेली. टायर, म्हैस, दरड, धुकं, यादीतलं काहीही झालं नव्हतं. गाडीत सत्तेचाळीस माणसं होती. नेहमी पंधरा असायची. आता गाडी दोनेक तासांत परत वर येते म्हटल्यावर वस्तीतल्या ज्यांनी वर्षानुवर्षं खाली पाय ठेवला नव्हता तेही निघाले होते. एक बाई शिवणयंत्राचं डोकं दुरुस्तीला घेऊन आली होती. एका आजोबांना दात काढायचा होता. प्रत्येक वळणावर हात दाखवणारं कुणी ना कुणी उभं होतं आणि प्रत्येक थांब्याला अर्धं-पाऊण मिनिट जात होतं. काटेताईने तीनदा घाट उतरून जे मोजलं ते जुन्या गाडीचं होतं. चांगली गाडी दिली की माणसं येतात, हे ना तिच्या पेन्सिलला सुचलं, ना साहेबाच्या कॉम्प्युटरला.

माणसं, पिशव्या, शिवणयंत्र, सगळं इकडून तिकडे चढायला तीन मिनिटं गेली. सात एकोणतीसला शहराची गाडी हलली. काटेताई पण चढली. त्या मुलीच्या बाकाजवळ उभं राहता आलं असतं, पण तिथे जायचा धीर तिला झाला नाही. ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली आणि चौपन्न मिनिटांच्या रस्त्यावर प्रत्येक थांब्याला बोटं मोडत राहिली. मामांनी जमेल तेवढी हाणली, तरी भरल्या गाडीने दोन मिनिटं जास्तच घेतली. गाडी आठ पंचवीसला स्टँडात शिरली.

मुलगी दार उघडायच्या आत पायरीवर होती. पळाली. काटेताई तिच्यामागे पळाली. पन्नाशीला आलेली बाई, एका हातात चप्पल. बाजाराची गल्ली, मग पूल, मग चढ. केंद्राशी पोचल्या तेव्हा आठ तेहतीस झाले होते. लोखंडी दाराला आतून कडी. रखवालदार खुर्ची मांडून बसला होता.

"दादा, चूक आमची आहे. मी आगारातून आलेय. गाडी मी थांबवली होती," काटेताई धापा टाकत म्हणाली. "हिची काही चूक नाही."

"बाई, मी किल्ली आत देऊन टाकलीय. माझ्या हातात काही नाही."

तिने आत चिठ्ठी पाठवली. आठ चाळीसला चिठ्ठी परत आली, तशीच, घडी सुद्धा न उलगडलेली. मुलगी फाटकाच्या बाजूच्या कट्ट्यावर बसली होती. ती रडत नव्हती. काटेताई जवळ गेली तेव्हा ती म्हणाली, "त्या वरच्या लोकांची काळजी केलीत तुम्ही. चांगलं केलंत. पण मी पण गाडीतच होते ना?"

काटेताई त्या दिवशी आगारात आली, पाणी प्यायली आणि अहवाल लिहायला बसली. तीन पानं. वरून आलेल्या सत्तेचाळीसपैकी आठ वाटेत उतरले, एकोणचाळीस शहरात वेळेत पोचले. पाळीवाले चुकले नाहीत, दात निघाला. आणि एका मुलीची वर्षाची परीक्षा गेली. दोन्ही गोष्टी तिने एकाच पानावर लिहिल्या. मी म्हणालो, "ताई, दुसरी गोष्ट कुणी विचारलेली नाही. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?" तिने ऐकलं नाही.

आठ दिवसांत नोटीस आली. अधिकार नसताना गाडी थांबवून प्रवाशांचं नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. साहेब तिच्या टेबलाशी आला, स्वेटरच्या बाह्या ओढत. "ताई, तुम्ही मला दहा मिनिटं म्हणाला होतात. मी तसं लेखी देतो."

"मी सही चारवर केली, साहेब. दहावर नाही."

"सही मीही केलीय."

"मग तुम्ही तुमच्या बाजूचं लिहा. मी माझ्या बाजूचं लिहिते."

दोघांनी लिहिलं. चौकशी दीड महिना चालली. त्या दीड महिन्यात तिचं वजन पाच किलोने उतरलं. कुणी दार उघडलं तरी दचकायची. फाट्यावर रोज एक माणूस उभा करून कसंबसं भागवलं जात होतं. कधी शहराची गाडी थांबायची, कधी घाटाची माणसं राहायची. मार्ग शेवटी अण्णांच्या बोलण्यातून निघाला. जेवताना ते सहज म्हणाले, "आमच्या वेळी गाडी वरच मुक्कामाला असायची. शाळेमागे एक खोली होती, तिथे झोपायचो. पुढे खोलीचं छप्पर गेलं आणि मुक्काम बंद झाला."

ती जेवता जेवता उठली. गाडी रात्री वरच थांबली तर ड्रायव्हरची ड्युटी वरूनच सुरू होणार. मग सकाळी दहा मिनिटं आधी काढायला कुणाची आडकाठी? तिने आणि साहेबाने दुसऱ्याच दिवशी वर जाऊन खोली बघितली. छप्पर नव्हतं, नळ नव्हता, संडास तर नव्हताच. वस्तीवाल्यांनी पत्रे घातले, आगाराने पाण्याची टाकी दिली. संडासाच्या परवानगीला मात्र चार महिने लागले, कारण तो वाहतुकीत येतो की बांधकामात, हे कुणालाच ठरवता येईना. पाचव्या महिन्यात मुक्कामी गाडी सुरू झाली आणि फाट्यावर चाराची चौदा मिनिटं झाली.

चौकशीत तिला ताकीद मिळाली आणि सेवापुस्तकात तशी नोंद झाली. साहेबाची मुदत संपून तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिथून तो अजून तिला वेळापत्रकं तपासायला पाठवतो.

त्या मुलीसाठी तिने परीक्षेच्या कार्यालयाला आगाराच्या शिक्क्यासह पत्र दिलं, दोनदा खेटे घातले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अशी तरतूद नाही. ते उत्तर घेऊन ती स्वतः मुलीच्या घरी गेली. मुलीच्या आईने पाणी दिलं, मुलगी बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी काटेताई पुन्हा स्टँडवर होती. आठ दहाच्या गाडीतून मुलगी उतरली नाही. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती दाराशी उभी राहिली, मग रिकाम्या गाडीत चढून बाकांखालीही बघून आली. मामा म्हणाले, "कुणाला शोधताय? ती फाइलवाली ना? ती पहाटेच्या गाडीने गेली. साडेसहालाच पोचली असेल. कंडक्टरला म्हणाली, वेळापत्रकाच्या भरवशावर मी बसत नाही."

काटेताई म्हणाली, "बरं केलं तिने."

मुलगी पास झाली. हे आम्हाला दोन महिन्यांनी त्याच नियमाच्या पक्क्या कंडक्टरकडून कळलं. मुलीने स्वतः काही कळवलं नाही आणि कळवायचं कारणही नव्हतं. काटेताईने ऐकलं, पेन्सिलला टोक केलं आणि मला म्हणाली, "घाटाच्या गाडीत आता सरासरी पन्नास माणसं येतायत. मोठी गाडी मागवावी लागेल. पण मोठी गाडी त्या एकविसाव्या वळणावर वळेल का हो?"

मी म्हणालो, मला काय माहीत, मी सुट्या भागांचा कारकून. दुसऱ्या दिवशी ती मोजायची टेप घेऊन घाटात गेली.